वेशीबाहेरचे जिवाणू

१० नोव्हेंबर, सोमवार

आज प्लेटा बदलायचा दिवस. महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी जुन्या प्लेटवरचे जिवाणू उचलून नव्या प्लेटवरच्या जेलवर रेघ ओढायची. आमची लेक रिया नोकरीला गेल्यापासून हे काम एकदाही चुकलेलं नाही, तापातसुद्धा केलं. बायको, हौसा, म्हणते, "देवाच्या दिव्याक तेल घालूक इसारतास, पण त्या किड्यांचा जेवण कधी चुकत नाय तुमच्याकडसून."

किडे नव्हेत ते. ई. कोलाय आहेत, प्रयोगशाळेत वाढलेले, गरीब स्वभावाचे, कुणाला आजारी न पाडणारे. रियानं त्यांच्या पोटात दुसऱ्या एका जिवाणूचं जनुक बसवलेलं आहे आणि त्या जनुकावरून ते एक एन्झाइम तयार करतात. पुस्तकात त्याला विकर म्हणतात. कॉलेजात चौतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर म्हणून काढली, पण विकर म्हणणारा माणूस एकच भेटला आणि तो बाहेरून आलेला परीक्षक होता. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन साचतं, आणि तो खाल्ला की अंगावर गांधी उठतात. आमचं एन्झाइम ते हिस्टामिन फोडतं. मासा कितपत खराब झालाय हे मोजायला संशोधन करणाऱ्यांना ते लागतं. बाटलीवर लिहायचं असतं, 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी'.

पाच वर्षांपूर्वी रियानं दोन मैत्रिणींबरोबर कंपनी काढली आणि आमच्या काजू ठेवायच्या खोलीत हे सगळं मांडलं. रीतसर परवानगी काढली, माणसं येऊन बघून गेली. कंपनी दोन वर्षांत बंद पडली. मैत्रिणी गेल्या, मग रिया गेली. खोली, परवानगीचा कागद आणि मी असे तिघे उरलो.

संध्याकाळी रियाचा फोन. आईशी वीस मिनिटं, माझ्याशी दोन. ती कोचीला एका संस्थेत आहे, मासा ताजा आहे का हे दाखवणारी कागदाची पट्टी बनवतात. म्हणाली, "बाबा, आपला एन्झाइम अजून करतास?"

"करतंय मगे. जिवाणू जिवंत आसत."

"माका थोडा होया. कंपनीकडसून मागवला तर येऊक दीड महिनो लागता."

माझ्या तोंडून पटकन गेलं, "कुरियरान धाडूक जमाचा नाय. बर्फ टिकत नाय. तूच येवन घेवन जा."

बर्फ टिकतो. नीट भरला तर दोन दिवस टिकतो, मी स्वतः पूर्वी दिल्लीपर्यंत पाठवलेलं आहे. रियालाही ते माहीत आहे, तिनंच मला भरायला शिकवलं. पण तिनं वाद घातला नाही. मग म्हणाली, "बरां. येतंय."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस फुकट गेले. जिवाणू वाढले छान, ताकासारखा दाट रंग आला. पण एन्झाइमचा पत्ता नाही. आज कळलं की माध्यमात, म्हणजे त्यांच्या खाद्यात, मी जिवाणू मारणारं औषधच घातलं नव्हतं. ते औषध असलं तरच हे जिवाणू पाहुणं जनुक सांभाळतात, कारण त्याच्याच जोडीला औषधातून वाचायची युक्ती असते. औषध नसलं की जनुक टाकून मोकळे होतात. मतलबी मेले.

चौतीस वर्षं पोरांच्या बाटल्या तपासणारा मी, आणि स्वतःची बाटली भरताना मन भलतीकडे. ती आली की माडीवरची खोली झाडायची, की तिची जुनी खोली? जुन्या खोलीत हौसानं तांदूळ ठेवलेत. बाटली हातात आणि डोक्यात तांदूळ, मग दुसरं काय होणार.

उद्यापासून पुन्हा.

२३ नोव्हेंबर, रविवार

झालं. जमलं.

परवा जिवाणू वाढवले, त्यांना एन्झाइम बनवायचा इशारा देणारं रसायन दिलं, रात्रभर गारव्यात हलत ठेवले. काल पेशी फोडल्या. आज सकाळी रस कॉलममधून, म्हणजे गाळणीसारख्या उभ्या नळीतून, सोडला. आमच्या एन्झाइमला रियानं एक शेपटी जोडलेली आहे, ती कॉलमला चिकटते. बाकी सगळं धुऊन जातं आणि हे तेवढं राहतं. मग सोडवून घ्यायचं. खाली नळीत तपकिरी पिवळे थेंब पडायला लागले तेव्हा मी हौसाला हाक मारली. ती हात पुसत आली आणि म्हणाली, "कोकमाचा पाणी असा दिसता." कोकमासारखं ते मुळीच दिसत नाही, पण आली हे खूप.

मग परीक्षा. छोट्या काचेच्या नळीत हिस्टामिन, निळा रंग, आणि आपलं एन्झाइम एक थेंब. एन्झाइम जिवंत असेल तर निळा रंग विरत जातो. मी घड्याळ धरलं. पन्नास सेकंदांत पाणी नितळ. रिया असताना पंचेचाळीस सेकंद लागायचे. पाच सेकंदांनी हरलो, तिला सांगायचं नाही.

अर्धं ग्लिसरीन घालून बारा नळ्या भरल्या, उणे वीसच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. तिच्या तिकिटाप्रमाणे ती सात डिसेंबरला पोचणार आणि नऊला परत. तिथं तीनच दिवसांची रजा मिळाली.

खोलीत एकटाच उभा राहिलो थोडा वेळ. ती इथं काम करायची तेव्हा गुणगुणायची. कसलं गाणं ते कधी कळलं नाही, कारण शेकरचा, त्या बाटल्या हलवणाऱ्या यंत्राचा, आवाज त्याहून मोठा. तेव्हा मी शेकरवर वैतागायचो. आता रोज शेकर चालू असतो आणि मी कान देऊन ऐकतो, काय ऐकतो ते देवाला ठाऊक.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

देवानं कौल दिला. सहा वर्षांनी गावपळण. सात डिसेंबरला सकाळी गाव सोडायचा, तीन रात्री वेशीबाहेर, चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन गाव भरायचा. माणसं, ढोरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, कुणीही आत राहायचं नाही. गाव देवाच्या ताब्यात.

सात डिसेंबर!

रियाला फोन करून सांगायला हवं. घरात जाता येणार नाही, पुढच्या आठवड्यात ये. फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, आणि ठेवून दिला. पुढच्या आठवड्याची रजा तिला मिळेल कशावरून? 'बाबा, मग नंतर कधीतरी' असं म्हणाली तर? तिचं 'नंतर कधीतरी' तीन वर्षांचं असतं.

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं बोललेलो नाही. कंपनी बंद पडल्यावर रिया चार महिने घरी होती. उशिरा उठायची, कुणाशी बोलायची नाही, खोलीत बसून राहायची. एक दिवस जेवताना माझा ताबा सुटला. "घरात बसान काय होवचा नाय, जा खंय तरी," असं मी मोठ्यानं म्हणालो. खिडक्या उघड्या होत्या. ती ताटावरून उठली नाही, सगळा भात संपवला, हात धुतला. नवव्या दिवशी तिनं बॅग भरली. नोकरी चांगली लागली, लोक म्हणतात बापानं योग्य वेळी कान पिळला. मी हो हो म्हणतो.

फोन केला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

परशुराम आला होता. आमच्या गावचा मानकरी, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझीच उत्तरं लिहून माझ्याहून जास्त गुण मिळवायचा. आता गावपळणीत घराघरांत जाऊन कुणाकडे किती जनावरं ते विचारतो, म्हणजे कुणी मागं राहू नये.

"भिकाजी, तुझ्याकडे काय काय आसा?"

"बायल आसा, आणि एक मांजर."

"आणि त्या खोलीत? लोक म्हणतत तू आत जीव पाळलंस."

मी हसायला लागलो, तो हसला नाही. मग मी त्याला प्लेट दाखवली, रेघेवरचे पांढरे ठिपके. तो चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला.

"ह्यांच्यात जीव आसा?"

"आसा."

"मगे भायर काढूक होयो. गावात एक जीव रवाचो नाय. ह्यो काय आणि रेडो काय."

बरोबर आहे त्याचं. कॉलेजात एकाही प्राध्यापकानं जिवाणूंना रेड्याचा मान दिला नसता. मी कबूल केलं की प्लेटा माशांच्या बर्फाच्या डब्यातून बाहेर नेतो.

"आणि ह्या?" त्यानं फ्रीजरमधल्या नळ्यांकडे बोट केलं.

"ता एन्झाइम. जिवाणूनी केलेला, पण ता जिवंत नाय. ता वाढत नाय, पोरां घालत नाय."

"तरी तूच मगाशी म्हटलंस, एन्झाइम मेला तर काम करत नाय."

"ता आमचा बोलणा. जिवंत नाय ता."

परशुरामनं विचार केला. हौसा दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "जिवंत ता भायर. निर्जीव ता घरात रवला तरी चलात." आणि चहा पिऊन गेला.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज खरं लिहायचं ठरवलंय.

नळ्या बर्फाच्या डब्यातून बाहेर नेता येतात. बर्फ शेजारच्या कट्टा गावच्या बाजारात मिळतो, रोज बदलला तर चार दिवस सहज निघतील. ग्लिसरीन आहे, शून्यावर काही बिघडणार नाही. नेल्या तर रविवारी रिया येईल, नळ्या घेईल, वेशीबाहेरच्या झोपडीत एक रात्र काढेल आणि सोमवारी सकाळी म्हणेल, काम झालं, जाते.

फ्रीजरमध्ये राहिल्या तर गाव भरेपर्यंत तिला थांबावं लागेल.

परशुरामनं सांगितलंच आहे, निर्जीव ते घरात. मी त्याचा शब्द मोडत नाही. देवाच्या कामात आपलं शहाणपण कशाला? असं मी स्वतःला दोन दिवस सांगतोय आणि दोन दिवस मला माहीत आहे की हा देवाचा विषय नाही.

नळ्या फ्रीजरमध्येच राहणार.

७ डिसेंबर, रविवार

गाव सोडला. सड्यावर, वेशीबाहेरच्या उघड्या कातळमाळावर, माडाच्या झापांच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या, आमची कोकमाच्या झाडाजवळ. हौसाची घर बंद करायची पद्धत लग्न झाल्यापासून ठरलेली आहे आणि त्यात मी लुडबुड केलेली तिला चालत नाही. मी प्लेटांचा डबा आणि मांजर घेऊन पुढं निघालो, ती मागाहून किल्ली कनवटीला लावून आली.

दुपारी कट्ट्याच्या स्टॉपवर गेलो. रिया कुडाळला उतरून एसटीनं आली. बारीक झालीय. केस कापलेत. मी म्हणालो, "इलंस?" ती म्हणाली, "इलंय." तीन वर्षांत बोलायचं साठलेलं सगळं तेवढ्यात आटोपलं. मग चालताना गावपळणीचं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

"तुमी माका सांगितलास नाय?"

"इसारलंय."

गावपळण कुणी विसरत नाही. लहानपणी ती गावपळणीची वाट बघत रडायची. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"आणि एन्झाइम?"

"घरात. फ्रीजरात. गाव भरलो की मेळतला."

संध्याकाळी मी चुलीसाठी दगड मांडत होतो. हौसा आणि रिया झोपडीच्या दारात बसल्या होत्या. हौसा बोटांवर मोजून घर कसं कसं बंद केलं ते सांगत होती. हे ती प्रत्येकाला सांगते, शेजारणीलाही दोनदा सांगून झालं होतं. रिया एकदम उभी राहिली. गावाच्या दिशेनं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी चावलं. मी हाक मारली, "काय झाला?"

"काय नाय," ती म्हणाली आणि पुन्हा आईजवळ बसली. बराच वेळ दोघी हळू आवाजात बोलत होत्या. घर इतकं जवळ असून जाता येत नाही, तिला भरून आलं असणार.

मग ती फोनला रेंज शोधत कोकमाच्या झाडापलीकडे गेली. इंग्रजीत बोलत होती, 'ऑर्डर' आणि 'जानेवारी' एवढंच कानावर आलं. ऑफिसचं असेल. परत आली ती थेट चुलीजवळ, आणि म्हणाली, "बाबा, भाकरी मी भाजतंय."

८ डिसेंबर, सोमवार

आज दुसरा सोमवार. प्लेटा बदलायचा दिवस.

मी विचार केला होता, गाव भरल्यावर करू. रियानंच सकाळी विचारलं, "बाबा, आज प्लेटी नाय?" तिला लक्षात होतं! म्हणजे तिकडं कोचीतही ती सोमवार मोजते? विचारलं नाही. नवीन प्लेटा मी डब्यात ठेवल्याच होत्या, सवयीनं. सपाट दगड पुसला, स्पिरिटचा दिवा लावला, वारा अडवायला हौसानं सूप धरलं. रियानं तार तापवली, निवू दिली, एक ठिपका उचलला आणि रेघ ओढली. तिचा हात अजून तसाच हलका आहे. जेलवर ओरखडासुद्धा नाही. ही तार धरायला तिला मी शिकवलं होतं, आठवीत असताना, कॉलेजच्या सुट्टीत.

अख्ख्या सड्यावरची माणसं भोवती जमली. परशुराम म्हणाला, "आता ह्यांका गावात परत नेताना मोजून नेवा."

दुपारी किनाऱ्यावरच्या देवबागकडून बांगडे आले. रियानं एक उचलून वास घेतला आणि म्हणाली, "ताजे आसत, तुमच्या एन्झाइमाक ह्यांच्यात कामच नाय." मी इतका हसलो की हौसानं वळून बघितलं.

दुपारभर ती झोपडीत झोपली. मी बाहेर बसून राहिलो. घोरते ती, बारीक. लहानपणापासून. हा आवाज मी विसरलो होतो, आणि विसरलो होतो हेच इतका वेळ कळलं नव्हतं. पोर जवळ असताना तिची इतकी आठवण कशी येते?

९ डिसेंबर, मंगळवार

तिनं तिकीट पुढं ढकललं. मला वाटलं रागावेल. पण तिनं शेजारणींबरोबर फुगडी घातली, वेणीत अबोली माळली, भजनात झांज वाजवली. मी तिला दोनदा म्हणालो, "तुझा काम अडला, गो." ती म्हणाली, "अडला तर अडांदी." आमच्या रियाला कामाचं एवढं सोयरसुतक नाही असं कधी बघितलं नव्हतं. तिकडं तिचं काही बिनसलंय का? हौसाला विचारलं तर ती म्हणाली, "तुमका काय कळता," आणि कांदा चिरत राहिली.

एकदा आम्ही दोघंच होतो. मी सुरुवात केली, "रिया, तेवा मी जा म्हटलंय..." इतक्यात परशुराम चुन्याची डबी मागत आला. डबी दिली. नंतर पुन्हा धीर झाला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी मानकरी देवळात कौल घ्यायला गेले. आम्ही सगळे सामान बांधून वेशीवर उभे. बायका हात जोडून, ढोरं दाव्याला ओढ घेणारी. सगळा गाव म्हणत होता, देवा, कौल दे, आम्हाला घरी जाऊ दे.

मी म्हणालो, देऊ नको. एक दिवस. एकच. पुढं काही मागणार नाही.

तासाभरानं परशुराम परत आला. "देवान कौल दिल्यान नाय. आजचो दिवस हयच."

लोक कुरकुरत गाठोडी सोडायला लागले. मी खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत बसलो, तो नीटच होता. रिया माझ्याशेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "बरां झाला." मला वाटलं चुकीचं ऐकलं.

११ डिसेंबर, गुरुवार

कौल मिळाला, गाव भरला. सगळ्यांच्या पुढं मी. प्लेटांचा डबा ओट्यावर ठेवला, खोलीचं दार उघडलं. आत काहीच आवाज नव्हता. फ्रीजरचा घरघराट नाही. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. फ्रीजरखाली पाणी होतं.

विजेचा मेन स्विच खाली पाडलेला.

मी काय ओरडलो ते लिहीत नाही. हौसा दारात आली आणि शांतपणे म्हणाली, "मीच पाडलंय. दर गावपळणीक पाडतंय. तुमीच सांगितलास मां, ता निर्जीव आसा? निर्जीवाक करंट कित्याक लागता?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणा परीक्षकानंही विचारला नव्हता.

तरी मेन वर केला, एक थेंब घेतला, हिस्टामिन घातलं, निळा रंग घातला. घड्याळ धरलं. एक मिनिट. पाच मिनिटं. वीस मिनिटं. निळं ते निळंच. दुसरी नळी, तिसरी नळी. बाराही बघितल्या. रिया चौकटीला टेकून उभी होती. मला वाटलं, ती रडेल, रागावेल, निदान विचारेल. ती आत आली, माझ्या हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, जेवूया."

माझ्यामुळे मेलं ते. हौसानं बटण पाडलं खरं, पण नळ्या आत ठेवल्या मी, आणि एक दिवस मागून घेतला तोही मी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रिया गेली. कट्ट्याच्या स्टॉपवर सोडायला गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो: बर्फ टिकतो, नळ्या मुद्दाम ठेवल्या, देवाकडे काय मागितलं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "पंदरा दिसांत नवीन एन्झाइम करतंय. मगे ये, ता न्यूक."

तिनं विचारलं, "न्यूक?"

"व्हय. ह्या खेपेक बरा करतंय."

"बरां," ती म्हणाली. गाडी आली. खिडकीतून तिनं हात केला, मी छत्री वर केली. पाऊस नाही, ऊन नाही, छत्री कशाला आणली होती कोण जाणे.

घरी आलो तर तिच्या खोलीतून तांदळाची पोती काढून हौसा झाडत होती. आता झाडून काय उपयोग, म्हणालो. तिनं ऐकलंच नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नवीन एन्झाइम तयार. या वेळी औषध घातलं, झोपलो नाही, कॉलम दोनदा धुतला. निळा रंग बेचाळीस सेकंदांत विरला. रियाच्या वेळेपेक्षा तीन सेकंद कमी! लगेच फोन लावला. ती म्हणाली, "वा, बाबा. ठेवा."

"कधी येतंस न्यूक?"

"सांगतंय."

दिवसभर फोन उशाला घेऊन बसलो. फ्रीजरच्या बटणावर चिकटपट्टी लावली, वर लिहिलं, 'पाडू नये'. हौसानं वाचलं आणि नाक मुरडलं.

२८ डिसेंबर, रविवार

आज सकाळी हौसानं सांगितलं. भाजी निवडता निवडता, जसं दुधाचा भाव सांगावा तसं.

"तिका ता एन्झाइम नको आता. पयल्याच दिशी कंपनीकडसून मागवल्यान तिना. जानेवारीत येतला."

"पयल्या दिशी? म्हणजे?"

"सड्यावर. मी मेन पाडल्याचा सांगितलंय तेवाच तिका कळला, ता मेलला म्हणान. माका म्हणाली, आये, बाबांका सांगू नको. चार दिस रवूक मेळतत, माका रवूक दी."

मी भाजीकडे बघत बसलो. म्हणजे तिनं भाकऱ्या भाजल्या, फुगडी घातली, तिकीट दोनदा बदललं, ते सगळं एन्झाइम मेलंय हे माहीत असताना. नेण्यासारखं काहीच नव्हतं. तरी राहिली.

"मगे गो, ती रवली कित्याक?"

हौसानं सुरी खाली ठेवली. "तुमी तिका जा म्हटलास ता सगळ्या वाडीन आयकल्यान. ये म्हटलेला अजून कोणी आयकाक नाय. ता एन्झाइम एन्झाइम करतास नुसता."

"आता तर एन्झाइमाचा पण काम नाय तिका. काय सांगान बोलवू?"

"कायच सांगू नकात. बापूस आसास तुमी तिचे."

ओट्यावर जाऊन फोन लावला. एकदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा तिनं उचलला आणि आधीच बोलायला लागली, "बाबा, एन्झाइमाचा मी सांगूचीच होती..."

मी म्हणालो, "एन्झाइम नको. एन्झाइम रवांदी. बर्फ टिकता, रिया. दिल्लीक सुदीक टिकलो. मी तुका खोटा सांगितलंय. तेवा जा म्हटलंय ताय खोटा. माका तुझी रोज आठवण येता. तू ये. काय काम नाय, तू नुसती ये."

मला वाटलं रेंज गेली, मी कानाला घट्ट लावून धरला. मग तिचा श्वास ऐकू आला, रडं आवरताना येतो तसा. मी थांबलो. तिला गप्प कर, समजाव, असं काही मनात आलं नाही. रडू दे म्हटलं. मीही रडत होतो, हौसा भाजी घेऊन दारात उभी होती आणि मला लाज वाटली नाही.

शेवटी ती म्हणाली, "कधी येऊ?"

इतके दिवस माझ्याकडे तारीख तयार असायची, एन्झाइमची. आज काहीच तयार नव्हतं, फक्त उद्याचा दिवस होता.

"फाल्या," मी म्हणालो.